मटराएवढी मासोळी

ज्या बाईले हे सांगायला पाहिजे होतं, तिलेच मी सांगितलं नाही. मग दुसऱ्या कोणाले कोणत्या तोंडानं सांगणार होतो? माझ्या पोरीले हे माहीत नाही. विहारातल्या सोबत्यांले माहीत नाही. भिंतीले भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्याले नाही. आज पहिल्यांदा लिहून राहिलो — तुम्ही समोर बसले आहा अन् मी बोलून राहिलो, असं समजून. शाळा मी चौथीत सोडली. लिहिणं चुकलं तर तेवढं सांभाळून घ्या. बाकी काही सांभाळून घेऊ नका.

सुमन, माझी बायको, मागच्या थंडीत गेली. आता घरात मी एकटा. चहा मीच करतो, मीच पितो, कप तिथंच पडून राहते. लोक येतात, म्हणतात, काका, खूप सोसलं तुम्ही. मी ऐकून घेतो. मी काय सोसलं? सोसलं तिनं.

गोष्ट मासोळ्यांची आहे. काचेच्या पेटीतल्या, शोभेच्या. हसू आलं असेल तर हसा — मीही हसायचो.

बुटीबोरीच्या एका कापड मिलमध्ये माझा जन्म गेला. लूमच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, अन् घरी आल्यावरही माझा आवाज काही खाली येत नव्हता. घरात माझंच चालायचं. भिंतीले कोणता रंग, पोरगी कोणत्या शाळेत, सुमननं लग्नाले कोणती साडी नेसायची — सगळं मी. ती म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं." मले वाटे, संसार असाच असते. तुमच्या घरी कसा आहे? — जाऊ द्या.

नागपुरात कूलर नाही असं घर नाही. कूलरच्या टाकीत मच्छर होतात म्हणून एका उन्हाळ्यात फवारणीवाली माणसं आली अन् चिमूटभर गप्पी मासोळ्या देऊन गेली. टाकीत सोडा म्हणे, अळ्या खातात. उन्हाळा सरला. मी टाकी नालीत रिकामी करायला उचलली तर सुमन स्वयंपाकघरातून गंज — मोठं पातेलं — घेऊन धावत आली. "थांबा वो मायाचे बाबा, जित्या आहेत त्या!" मी म्हटलं, "एवढ्याशा मासोळीचं काय करतं वं? तळायच्याही कामाची नाही." तिनं वाकून टाकीत हात घातला. सगळ्या गंजात घेतल्या, मग लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या. आम्ही मांस-मच्छी खाणारी माणसं, ती खायची, रांधायचीही. पण म्हणे, ताटातली वेगळी अन् पोसलेली वेगळी.

पुढं माया — आमची एकुलती एक पोरगी — नोकरीले लागली अन् आईले काचेची मोठी पेटी आणून दिली. तिथून सुमन बदलली. म्हणजे बदलली का? का आतून ती तशीच होती अन् मीच पाहिलं नव्हतं? अजून समजत नाही.

ती बर्डीवरच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या बाजारातल्या, मासोळ्यांच्या दुकानात जायची अन् विकत काही न घेता उभी राहायची. दुकानवाला कंटाळून जाये. ही पाहायची — कोण कोणाच्या मागं लागते, कोण कोपऱ्यात दडते, कोणाले खाणं पोचत नाही. पेटीत तिनं बारीक वाळू टाकली, मागं पट्टीसारखं लांब गवत लावलं, एका लाकडाले शेवाळ बांधलं. अन् मग एक-एक मासोळी निवडून आणली, जशी बाई तांदूळ निवडते. वर राहणाऱ्या गप्पी, मधात झुंडीनं फिरणाऱ्या टेट्रा, बुडाशी वाळू चाळणाऱ्या मिशीवाल्या. म्हणे, तिघींचे मोहल्ले वेगळे, म्हणून भांडण नाही. गोल्डफिश मले आवडायची, ती तिनं आणू दिली नाही — ती गवत उपटते, अन् तिले थंडं पाणी लागते, नागपूरच्या मे महिन्यात ते कुठून आणू? एन्जल नाही — आज बोटाएवढी आहे, मोठी झाली की टेट्रा गिळते. फायटर नाही — लांब शेपटी दिसली की भडकते. तिचा एक मोठा नियम होता. ज्याच्या तोंडात दुसऱ्याचं अंग मावते, ती दोघं एका घरात ठेवू नये.

उन्हाळ्यात ती कूलरचं तोंड पेटीकडं करायची. मी घामानं निथळून राहिलो अन् मासोळ्या हवेत! मी ओरडलो की ती पंखा माझ्याकडं वळवायची. कूलर नाही.

मोहल्ल्यातल्या बाया-पोरी तिले विचारायला येऊ लागल्या. काकू, हे चालेल का? काकू, हे दोन सोबत ठेवू का? अन् सुमन सरळ म्हणायची — "नाही." मान वर करून. माझ्या घरात, माझ्या बायकोच्या तोंडून 'नाही' मी तोपर्यंत ऐकलंच नव्हतं.

अन् मग ते 'नाही' माझ्यावर आलं.

माझ्या पाळीतला एक सोबती होता. त्याच्या पोरासाठी मी मायाचा शब्द देऊन बसलो होतो. सुमनले विचारलं नव्हतं — विचारायची पद्धतच नव्हती आमच्या घरी. ती लोकं पाहायला आली. सुमननं पोहे दिले, चहा दिला अन् नेहमीसारखी आत न जाता खुर्चीवर बसली. ती फक्त पाहत होती. पोराचा बाप बोलत होता. पोरगा तोंड उघडे की बाप त्याचं वाक्य तोडे. पोराच्या मायनं चहा संपेपर्यंत नजर उचलली नाही. सुमननं कप गोळा केले अन् उभ्या उभ्या, हात जोडून, सगळ्यांदेखत म्हणाली, "राग नका मानू. आमच्याकडून नाही."

लोकं गेल्यावर मी पेटलो. ती म्हणाली, "त्या घरात एकच जण बोलते अन् बाकीचे दडून राहतात. माही माया तिथं नाही जगणार."

तुम्हाले समजलं न? ती त्या घराचं सांगून राहिली होती. पण ते माझं घर होतं. हुबेहूब माझं. ती बरोबर होती हे मले तिथंच, त्या क्षणी समजलं होतं. म्हणूनच राग जास्त आला. चुकलेल्या बायकोले नवरा माफ करून टाकते. बरोबर निघालेलीले कसं करणार?

दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर, चहाच्या टपरीपाशी, तो सोबती चार जणांत मोठ्यानं म्हणाला, "काहून गा, तुह्या घरी सोयरीक आता मासोळ्यांले विचारून होते का?" सगळे हसले. मीही हसलो. चहा तसाच टाकला.

त्या आठवड्यात मी बर्डीवर गेलो. हे सांगायलाच बसलो आहे, तर सरळ सांगतो. मी दुकानवाल्याले विचारलं — दिसायला गरीब, पण बाकीच्यांचं जगणं हराम करते, अशी कोणती? तो हसला. त्याले वाटलं, मी अशी मासोळी टाळायला विचारून राहिलो. त्यानं एका लहान पेटीकडं बोट केलं. "ये देखो चाचा, मटर पफर. शकल पे मत जाना. लंबी पूँछवालों के साथ भूल के भी मत डालना, नोच-नोच के मार डालती है." मी म्हटलं, एक दे. त्यानं विचारलं, घर में और क्या है? मी म्हटलं, कुछ नहीं.

मासोळी होती मटराच्या दाण्याएवढी. पिवळसर, अंगावर काळे ठिपके, अन् डोळे — एक इकडं पाहते, एक तिकडं. लहान लेकरासारखं तोंड. सुमननं पिशवी उजेडात धरली अन् तिचा चेहरा असा झाला की मले दुसरीकडं पाहावं लागलं. "अगं माय! हे तर माह्याकडंच पाहून राहिलं!" मग थांबून म्हणाली, "दुकानवाल्याले विचारलं का? आपल्याकडं लांब शेपटीच्या गप्पी आहेत."

"विचारलं. एकदम गरीब म्हणे. चालते."

एवढंच. एवढंच मी बोललो.

तरी तिनं लगेच सोडली नाही. वेगळ्या वाटीत ठेवून पाहत राहिली. तोंड इवलंसं — त्यात कोणाचंच अंग मावत नव्हतं, तिचा नियम मोडत नव्हता. अन् दुसरी गोष्ट — ती मले तिनं सांगितली म्हणून माहीत. ती म्हणाली, "तुम्ही आपणहून माह्यासाठी आणलेली ही पहिली वस्तू. नाही कशी म्हणू?" माया मोठी होऊन नोकरीले लागली होती तोपर्यंत. तेवढ्या वर्षांत पहिली. हे ऐकूनही मी गप्प बसलो. तिनं पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, ऊन-थंड सारखं होऊ दिलं, मग हळूच सोडली.

पहिले काही दिवस काही नाही. मग एका दुपारी ती विहारात गेली होती अन् मी खाटेवर पडलो होतो, तेव्हा पाहिलं. ते मटर गवतातून निघालं, गप्पीच्या मागं गेलं, शेपटीचा तुकडा तोडला अन् परत गवतात. जसं काही झालंच नाही. मी उठून बसलो. जाळी भिंतीवर लटकली होती, हात लांब केला असता तर त्याले बाहेर काढता आलं असतं. मी पाहत राहिलो. काहून? — कारण मले बरं वाटून राहिलं होतं. हे लिहिताना हात थांबते, पण तेच खरं आहे. बरं वाटलं.

गप्पींच्या शेपट्या चिंध्या झाल्या. पिल्लं दिसेनाशी झाली. फाटल्या जागी पांढरं कापसासारखं आलं अन् सुमनले वाटलं, रोग आहे. त्या मटरावर तिचा संशय गेलाच नाही — एवढंसं ते, अन् नवऱ्यानं विचारून आणलेलं. तिनं खडे मीठ टाकलं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून निळं औषध टाकलं. मिठानं गवत सडलं, बुडाशीच्या मिशीवाल्या उलट्या झाल्या. पाणी नासलं. ती बादल्या भरभरून पाणी बदलायची, कंबर धरून बसायची, परत उठायची. मले विचारायची, "काय चुकलं असेल हो?" मी म्हणायचो, "मले काय माहीत तुह्या मासोळ्यांचं."

रोज विचारायची. रोज मले सांगता आलं असतं. सकाळी नाही सांगितलं तर दुपारी, दुपारी नाही तर दिवे लागायच्या वेळी. रोज मी तेच वाक्य बोललो.

शेवटी सगळ्या मेल्या. ते मटर तेवढं उरलं, पोट टम्म. अन् सुमन काय म्हणाली सांगू? "बिचारं एकटं पडलं." त्याले हातानं खाऊ घालायला गेली, मग मागं सरकली. "नको. हे परत देऊन या. माह्याजवळ मरून जाईल. माह्या हातात काही राहिलं नाही."

मी पिशवी घेऊन निघालो. बर्डीवर कोण जाते? कोपऱ्यावरच्या नालीत पिशवी उलटी केली. घरी येऊन म्हटलं, दिली. ती म्हणाली, "बरं झालं."

रविवारी आम्ही विहारात जायचो. आमच्या माणसांत पंचशील लहानपणापासून पाठ असते, अन् पहिलंच शील जीव न घेण्याचं. त्या रविवारी मी लक्ष देऊन ऐकलं — सुमन पहिल्या शीलाले गप्प राहिली. बाकीची चार म्हटली. पुढच्या रविवारी तेच. तिनं मीठ टाकलं होतं न, औषध टाकलं होतं. आपल्या हातानं जीव गेले असं तिनं धरून ठेवलं होतं. अन् मी? मी तिच्या बाजूले उभा राहून पाचही शीलं खड्या आवाजात म्हणत होतो. ती गेली तोपर्यंत तिनं ते पहिलं शील परत तोंडातून काढलं नाही. भंतेजींच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं.

पेटी तिनं भंगारात दिली. मोहल्ल्यातली कोणी विचारायला आली की म्हणे, "मले नाही समजत बाई त्यातलं. सगळ्या मारून टाकल्या मी." बाया येणं बंद झाल्या. मग हळूहळू बाकीचंही गेलं. भाजीवाल्यासमोर उभी राहून माझ्याकडं पाहायची — वांगी घेऊ का गवार? साडीच्या दुकानात म्हणायची, तुम्हीच काढा. मायानं पुढं स्वतःच एक मुलगा पसंत केला, पारशिवनीचा, शाळेत मास्तर आहे, चांगला आहे. माया आईले विचारायला आली तर सुमन म्हणाली, "मले नको विचारू माय. माही पारख खोटी आहे." ज्या बाईनं त्या पोरीले वाचवलं होतं, ती हे म्हणून राहिली. मी दारात उभा होतो.

घर परत माझं झालं होतं. मले जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. मजा आली का? — नाही. पण परतही केलं नाही.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं खुर्ची तिच्या पलंगाजवळ ओढली अन् तिलेच सांगितलं. चांगला माणूस होता. म्हणाला, आजी, दोन रस्ते आहेत. ऑपरेशन करू, पण तुमचं हृदय कमजोर आहे, भरवसा देता येत नाही. नाहीतर औषधं देतो, घरी जा, जेवढे दिवस मिळतील तेवढे आपल्या माणसांत काढा. दोन्हीत चूक काही नाही. जीव तुमचा आहे, तुम्ही सांगा.

माया म्हणाली, "आई, तू बोल. तू म्हणशील तसं करू."

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरले म्हणाली, "ह्यायले विचारा. मले निवडता येत नाही."

अशी बोलली, जसं कोणी सांगावं की मले वाचता येत नाही. लाज नाही, तक्रार नाही. पक्की माहिती.

आता बोलायचं होतं. यापेक्षा दुसरी कोणती वेळ असते? "सुमन, तुही पारख खोटी नव्हती. मी फसवलं. तू निवड." एवढंच बोलायचं होतं. पण डॉक्टर उभा, नर्स उभी, माया उभी. मायाच्या नजरेत मी काय होईन — हे माझ्या मनात आलं. बायको मरणाच्या दारात अन् मी माझी इज्जत सांभाळून राहिलो. मी म्हटलं, "ऑपरेशन करा."

ऑपरेशनच्या टेबलावरून ती परत आली नाही.

तिले घरी यायचं होतं का? उन्हात खाट टाकून पडायचं होतं का, नातवाले मांडीवर घ्यायचं होतं का? का तिलेही ऑपरेशनच पाहिजे होतं? मले माहीत नाही. कधीच माहीत होणार नाही. माझी निवड चुकली का बरोबर आली, हा हिशेबही मी करत नाही. ती निवड माझी नव्हतीच.

ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाले विहार भरलं होतं. फोटोले पांढऱ्या फुलांचा हार होता, मेणबत्त्या होत्या. वंदना झाली. एकेक जण उठून दोन शब्द बोलला. आमच्या वस्तीतला एक जुना माणूस उठला. म्हणाला, "सुमनबाईसारखी बाई आजकाल भेटत नाही. जन्मात कधी नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नाही." लोकांनी माना हलवल्या. बाया पदरानं डोळे पुसून राहिल्या होत्या.

तो खोटं बोलून नव्हता राहिला. त्यानं जी सुमन पाहिली, ती तशीच होती. तशी मी केली होती.

मग माझं नाव पुकारलं, काका, तुम्ही दोन शब्द बोला. मी उठलो. सगळे माझ्याकडं पाहत होते, पोरगी, जावई, सगळे. मी हात जोडले अन् खाली बसलो.